दुपारी बँड बंद होता

८ मार्च, रविवार. सकाळी.
आज आमच्या हॅम रेडिओ क्लबची कॉन्टेस्ट. दिवसभरात जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं, प्रत्येकाचा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं सांकेतिक नाव, आणि वेळ लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, टाकायची. बायको याला 'हॅलो हॅलो करून हजेरी घेणे' म्हणते. म्हणू दे. यंदा पहिला नंबर माझा. अँटेना गच्चीवर स्वतः चढवली आहे. शेजाऱ्यांच्या कपड्यांच्या दोरीला जराशी अडते, पण विज्ञानापुढे टॉवेल गौण.

संध्याकाळी.
सुरुवात जबरदस्त. जेवणानंतर मात्र बँड मेला, म्हणजे त्या रेडिओलहरींवर कुणाचाच आवाज येईना. चिटपाखरू नाही. माझी रेकॉर्ड केलेली हाक कॉम्प्युटर आपोआप देत होता. मी हेडफोन लावून, डोळे मिटून, संपूर्ण एकाग्रतेने ऐकत होतो. चहाच्या वेळी बँड एकाएकी उघडला. मान आखडली आहे. एकाग्रतेची किंमत.

१६ मार्च
निकाल. पहिला कोण? दातवाला! चौकातला डेंटिस्ट. क्लबात माझ्यानंतर आलेला. मी नववा.
अध्यक्षबाईंना फोन लावला. म्हणाल्या, डॉक्टरांनी दुपारी मुसंडी मारली. दुपारी? बँड बंद असताना? पाणी मुरतंय.

१७ मार्च
ऑफिसात बसून ठराव टाइप केला: 'सर्व स्पर्धकांचे लॉग क्लबच्या वेबसाइटवर सर्वांना खुले करावेत.' कर नाही त्याला डर कशाला!
मध्येच लिफ्ट अडकल्याच्या दोन तक्रारी आल्या. आमच्या लिफ्ट कंपनीच्या तक्रारी मीच घेतो. म्हटलं, जरा दम धरा, इथे सत्य अडकलंय.

२२ मार्च
मीटिंग गाजवली. म्हणालो, 'ज्याला लॉग दाखवायची लाज वाटते त्याने माइक खाली ठेवावा!' टाळ्या पडल्या. निदान एक तरी नक्की पडली.
दातवाला उठला. हळू आवाजात म्हणाला, 'नको असं मला वाटतं. कोण कधी काय करत होतं ते सगळं त्यात दिसतं. कुणाला उगाच ओशाळं व्हायला नको.' आणि माझ्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं! मतदान पुढच्या रविवारी.

२३ मार्च
जेवताना बायकोने विचारलं, 'तुमचाही लॉग दिसणार का हो?' अर्थात, म्हटलं. ती म्हणाली, 'बघा बाई.'
'बघा बाई' म्हणजे काय? लॉग काढून पाहिला. जेवणापासून चहापर्यंत कोरा करकरीत. असणारच. बँडच बंद होता! पण जगात अडाणी माणसं असतात. ती भलताच अर्थ काढतील.

२५ मार्च
खोल विचार केला. लॉग ही खाजगी गोष्ट आहे. डावपेच असतात त्यात. पैलवान कधी आपले डाव वेबसाइटवर टाकतो का? मी मत बदललेलं नाही. तेच मत उलट्या बाजूने पाहिलं, इतकंच.

२९ मार्च
स्वतःच्या ठरावाला स्वतः कडाडून विरोध केला. असं धाडस क्लबात आजवर कुणी दाखवलं नसेल. अध्यक्षबाई म्हणाल्या, 'अहो, माइक खाली ठेवायचं तुम्हीच म्हणालात ना?' त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मुलांचे हाल झाले असणार.
ठराव पास. विरोधात दोनच हात. एक माझा, दुसरा दातवाल्याचा. त्याच्या शेजारी हात वर करून उभं राहताना अंगावर काटा आला. तो माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही.

१ एप्रिल
लॉग खुले झाले. एकजात सगळ्यांची दुपार गच्च भरलेली. म्हणजे अख्खा क्लब कटात सामील!
मग दातवाल्याचा लॉग उघडला. दुपारच्या एका ओळीत माझा कॉलसाइन, पुढे शेरा: 'यांची हाक स्पष्ट येतेय. तीनदा उत्तर दिलं, प्रतिसाद नाही. तब्येत बरी असेल ना? रेडिओ सोडून घरी फोन केला. वहिनी म्हणाल्या, घोरतायत, उठवू नका.'
बायकोला जाब विचारला. म्हणाली, 'हो, आला होता फोन. घाबरले होते बिचारे. इकडे यायलाच निघाले होते. मीच म्हटलं, तुमची स्पर्धा चालू द्या.' मग मला का सांगितलं नाहीस? तर म्हणे, 'तुम्ही म्हणालात बँड बंद होता. म्हटलं, असेल.'
रेडिओतली खरखर आणि घोरणं यातला फरक सामान्य माणसाला कळत नाही, हे मी इथे ठामपणे नोंदवतो.

२ एप्रिल
क्लबच्या ग्रुपवर कुणीतरी उशीचं चित्र टाकलं. खाली चौदा अंगठे. भुंकू देत. हत्ती चालत राहतो.

४ एप्रिल, शनिवार
रात्रीपासून दाढ ठणकतेय. दुसरा डेंटिस्ट शोधला. सोमवारपर्यंत सुट्टीवर. बायकोने हाताला धरून चौकात नेलं.
खुर्चीत आडवा केला. इंजेक्शन दिलं. जबडा बधिर, तोंडात आरसा. दातवाला हळूच म्हणाला, 'तो शेरा माझ्या लॉगमधून काढून टाकू का? अध्यक्षबाईंना विचारलंय, त्यांची हरकत नाही. मी तो फक्त माझ्यापुरता लिहिला होता हो.'
मला गर्जून सांगायचं होतं, 'खबरदार! लॉग सर्वांचा आहे. एक अक्षर हलवायचं नाही!' बाहेर पडलं ते 'आँ.'
तो म्हणाला, 'बरं, आजच काढतो.'
मी जोरात 'आँ आँ' केलं. तो म्हणाला, 'आभार कसले त्यात, तोंड मोठं उघडा.'
संध्याकाळी वेबसाइट पाहिली. शेरा गेलेला. पारदर्शकतेचा दिवसाढवळ्या खून! तीव्र निषेधाचं पत्र लिहायला बसलो. बायको म्हणाली, आधी डॉक्टरांना थँक्यू लिहा.
दोन्ही लिहिली नाहीत. गाल सुजलाय. सूज उतरली की बघतो एकेकाला. तोपर्यंत भाताची पेज.