चित्रातले हात

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. पण परवा जे झालं, ते तुम्हाला सोडून कोणाला विचारू?

हॉलला रंग द्यायचा म्हणून आपलं चित्र खाली उतरवलं. तुमचं-माझं, तुम्हीच काढलेलं, ऑइलमधलं. तुमचा अर्धा चेहरा निळा, माझी मान सुरईसारखी, नाक एकीकडे नि डोळे भलतीकडे! नेरूळच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा तुम्हीच टांगलंत. "ही तू," म्हणालात. मी मानलं.

सोफ्याला टेकवून पहिल्यांदाच चष्मा लावून जवळून पाहिलं. चेहरा मोडूनतोडून काढलेला, पण हात अगदी खरे. लांब, निमुळती बोटं. माझी बोटं अशी कधी होती हो? आणि चहाचा कप धरलाय, तोही डाव्या हातात! मी कुठे डावखुरी आहे?

तेव्हापासून अन्न गोड लागेना.

मग तुमच्या शाळेतल्या देसाई बाई भेटायला आल्या. मी चहा दिला. त्यांनी कप डाव्या हाताने उचलला.

"बाई, चित्रात तुम्ही आहात?" मी सरळच विचारलं.

त्या दचकल्या. "हात तेवढे माझे, वहिनी. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये त्यांच्यासमोर बसायचे. सर म्हणायचे, बायकोला बसायला वेळच नसतो."

वेळ नसतो? एकदा तरी विचारलंत का मला? गॅस बंद करून बसले असते की!

"आणि चेहरा?"

"तो घरी केला त्यांनी. माझ्याकडे बघून नाही."

त्या गेल्यावर पुन्हा पाहिलं. चित्रातल्या माझ्या डाव्या भुवईत रंगाची बारीकशी खाच आहे. लहानपणी पायरीवर आपटले होते, त्याची खूण. रोज पेन्सिल फिरवून लपवते मी ती. म्हणजे बघत होतात तर! मग बोलला का नाहीत कधी?

रडू आलं. राग मात्र गेला नाही. बाई खरं बोलल्या असतील. पण अर्धा चहा टाकून का उठल्या?

चित्र पुन्हा टांगलंय. रविवारी बाईंना जेवायला बोलावलंय. सगळं विचारणार आहे. जे कळेल ते आपल्या मनीषाला सांगेन, मला कमीपणा आणणारं असलं तरी. या घरात आपल्या लेकीला कोणाच्या मनातलं ओळखत बसावं लागणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
सुमन