वयाची अट

४ एप्रिल
नोकरी मिळाली! सॉफ्टवेअर तपासायची — म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. बाबा म्हणाले, "जन्मजात गुण आहे तुझ्यात."
आणि तिकडे एम.एस्सी.ला पण जागा मिळालीय. पण विद्यापीठ परगावी, दोन वर्षं हॉस्टेल. मला खरं तर तेच हवंय! इथे लिहायला काय जातंय? दोन्हीकडे याच महिन्यात कळवायचंय.

७ एप्रिल
मावशीचा फोन. "माहितीशास्त्र शिकलीस आणि पुढे काय करायचं तेच माहिती नाही?" हा विनोद ती पहिल्या वर्षापासून करतेय.

९ एप्रिल
विद्यापीठाची माहितीपुस्तिका टेबलावर ठेवली, तर आई ती घेऊन बसली. दिवसभर दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात पेशंटच्या फायली कॉम्प्युटरवर चढवते, तरी वाचायला हुरूप आहे!
"हे आरोग्य-माहितीशास्त्र काय गं?"
म्हटलं, तू करतेस तेच, डिग्रीसकट. मला नाही त्यात रस.
"वयाची अट असते का?"
आई, मी एकवीसची आहे!

१२ एप्रिल
चौकशा संपेनात. गणित फार असतं का? कामाचा अनुभव धरतात का? हॉस्टेलला एका खोलीत दोघी राहतात का? मला घालवायची घाईच झालीय जशी. शेवटी चिडले — "तूच जा ना मग!"
आई पुस्तिका उचलून आत गेली.

१४ एप्रिल
बाबा स्वयंपाक शिकतायत. पातेलं करपलं. या वयात काय खूळ शिरलंय कोण जाणे.

१८ एप्रिल
ठरलं. नोकरी.
मी गेले तर आईचं कसं होणार? दवाखाना करून घर ओढते. हल्ली रोज जेवण झाल्यावर काहीतरी वाचत बसते, मग डोळे चोळते. बाबांना तर अजून साखरेचा डबा सापडत नाही. इथे राहिले तर निदान हाताशी तरी असेन.
रडू आलं. बरंच.

१९ एप्रिल
जेवताना सांगून टाकलं — "आई, तुझ्यासाठी राहतेय मी." वाटलं, जवळ घेईल. कसचं काय! घास हातातच राहिला तिचा. बाबा तिच्याकडे बघत बसले.
"सही केलीस?"
"उद्या करणारेय."
"उद्या नको." आणि उठून गेली.
एवढा मोठा त्याग केला, त्याचं हे कौतुक!

२० एप्रिल
आईला प्रवेश मिळालाय. आरोग्य-माहितीशास्त्र! अनुभव धरला. वयाची अट नाही. दवाखाना रजा देतोय.
"मी माझ्यासाठी विचारत होते गं. तू आपलं सगळं स्वतःवरच घेत होतीस."

मग म्हणाली, "दोघींची खोली मिळते. मी तुझं नाव सांगून ठेवलंय. घोरत नाहीस ना?"