कोरड्या नदीचा शेवट

४ जाने., रविवार. सांगली

सकाळी शिरीषच्या मुलीचा फोन. केतकी, साताऱ्यात दातांची डॉक्टर. शिरीष गेल्यावर कुंडलचं घर आवरताना तिला आमची कॅसेट सापडली होती. दिवाळीत तिनं ती इंटरनेटवर टाकली, मला न विचारता. 'आडसाली' बँड, 'कोरडी नदी', बाजू अ. कुठकुठले लोक ऐकतायत म्हणे. एका परदेशी माणसानं विचारलंय, आडसाली म्हणजे कोणी देव का? अरे बाबा, तो ऊस. दीड वर्ष शेतात उभा असतो. आमचं एक गाणं बसायला तेवढाच वेळ लागायचा, म्हणून शि. ने चेष्टेत ठेवलेलं नाव.

१ फेब्रुवारीला शि. चा वाढदिवस. तिनं साताऱ्यात हॉल घेतलाय. तुम्ही तिघांनी एकदा पूर्ण 'कोरडी नदी' वाजवा, म्हणाली. बाबांना तेच आवडलं असतं. मी लगेच हो म्हणून बसलो.

मग तिनं विचारलं, बापूकाका कुठे असतात? आटपाडीच्या पलीकडं, नंबर नाही माझ्याकडं, म्हणालो. खोटं नाही ते. पण खरंही अर्धंच.

५ जाने.

मोबाइलवर ऐकलं. इतक्या वर्षांनी. शि. ची बासरी सुरू झाली आणि मी मोबाइल कानाला लावला.

पण सगळं पळतंय. बापूचे ड्रम तर असे की हात दिसले नसते. खाली कोणीतरी लिहिलंय, हा ड्रमर माणूस आहे की मशीन. गिटार काढून बरोबर वाजवायला गेलो तर सूर जुळेना. कॅसेट वर, मी खाली. तारा बदलल्या, मग गिटारला शिव्या घातल्या. वै. आतून म्हणाली, वय झालं म्हणा की सरळ. बायकोला तीस वर्षांत संगीताचं एवढंच कळलंय आणि नेमकं तेच लागलं.

७ जाने.

दुकानात पलूसकडचा एक शेतकरी जळालेली मोटार घेऊन आला. रिवाइंडिंगला दोन दिवस लागतील म्हटलं तर करवादला. "आवं, लाईट आली की समदं गाव एकदम मोटरी चालू करतंय. दाब ऱ्हाईल कसा?"

हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

कुंडलला शि. च्या माडीवर रेकॉर्डिंग केलं तेव्हा त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. चहूकडे ऊस, प्रत्येक विहिरीवर मोटार. आमचा उसना टेपरेकॉर्डर त्या मरतुकड्या दाबावर हळूहळू फिरत होता. हळू फिरून भरलेली टेप पुऱ्या दाबावर लावली की पळणारच. सूरही चढणार.

म्हणजे जगात आमचं जे एकमेव गाणं फिरतंय ते आम्ही तसं कधी वाजवलंच नाही. आणि हे मला कळायला एवढी वर्षं लागली. मला! ज्याचं पोट लोकांच्या कमी व्होल्टेजवर भरतं त्याला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

केतकीला मेसेज केला: कॉम्प्युटरवर हळू करून बघ. माझी गिटार जुळेपर्यंत.

८ जाने.

केतकीचा फोन. आधी हळू केलेलं थोडं वाजवून दाखवलं. मग म्हणाली, "काका, मला वाटायचं तरुणपणी बाबांचा आवाज पातळ असेल. आता ऐकला. हा माझा बाबा आहे. घरात हाक मारायचा तसा."

दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला उगाच म्हटलं, धूळ फार झालीय.

११ जाने., रविवार

सुध्या आला फलटणहून, आमच्यातला तिसरा. कीबोर्ड गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून, चादर पांघरून. साखर कारखान्यात केमिस्ट आहे, हंगाम जोरात, रजा कशी काढली विचारलं तर म्हणाला मेव्हणा आजारी पाडला.

वाजवलं. बोटं लाकडं झालीत. पण तिसऱ्या वेळेला वळणावर दोघं एकदम वळलो आणि एकमेकांकडं बघून हसलो. किती दिवसांनी. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय हे सांगलीत सांगता सांगता आमच्या नाकी नऊ आले होते. लोक विचारायचे, लग्नात वाजवता का? सुध्या म्हणायचा, वाजवतो, पण अक्षता पडेपर्यंत पहिलं गाणं संपणार नाही.

मग शेवटाशी आलो आणि थांबलो. शेवट बापूचा. सगळी वाद्यं खाली ठेवायची आणि तो एकटा, अकरा मात्रांत. आटपाडीकडची कोरडी नदी, त्यात दूरवरून पाणी येतं तसं. शेवट लिहिलेला नाही, कुठं भरलेला नाही. कॅसेटची बाजू तिथंच संपली. पुढच्या वेळी पुरी करू म्हणालो होतो. तालमीच्या खोलीबाहेर तो पुरा कोणीच ऐकलेला नाही.

सुध्या म्हणाला, कॉम्प्युटरवर काहीतरी जुळवता येईल. मी त्याला चहा घे म्हणालो.

१४ जाने. संक्रांत

वै. नं तिळगूळ दिला आणि म्हणाली, दरवर्षी सगळ्यांना गोड बोला सांगता, बापूंचं नाव निघालं की मात्र तुम्ही पाणी प्यायला उठता. त्यांचं नि तुमचं बिनसलं कशावरून? म्हणालो, तो सैन्यात गेला, बँड मोडला. हे मी सगळ्यांना सांगत आलोय. सुध्यालाही. तो तेव्हा कीबोर्डवर वाकलेला होता, त्यानं पाहिलं नाही.

इथं तरी लिहितो.

बापूच्या घरी पिढीजात गजी ढोल, धनगरी नाचाचा. त्यांच्या घरची एक रीत: ज्यानं ढोल उचलला त्यानंच तो ठेवायचा. मधे कोणी हात लावायचा नाही. एका जत्रेला मी त्याच्या गावी गेलो होतो. पाहुण्याचा सत्कार होता आणि बापूच्या वडलांचा ढोल चालू. पाहुणा आपला हार हातात धरून ढोल खाली ठेवेपर्यंत उभा राहिला, पण कोणी "थांबा" म्हणालं नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं. मला माहीत होतं.

पुण्याची स्पर्धा. बारा मिनिटं वेळ. आम्ही कापून कापून बारात बसवलं, तरी बापूचा शेवट आला आणि समोर लाल दिवा लागला. तो डोळे मिटून वाजवत होता. मी गिटार ठेवून मागं गेलो आणि त्याची झांज तळहातानं धरली. आवाज असा गुदमरला की अजून येतो कानात.

तिसरा नंबर आला. बापूनं काठ्या टॉवेलात गुंडाळल्या आणि बक्षीस मिळायच्या आत एस.टी. धरली. दोन महिन्यांनी भरती झाला.

कप माळ्यावर आहे. वै. ला वाटतं धान्य मोजायचं माप आहे.

१८ जाने., रविवार. परत आल्यावर

गेलो. विट्यावरून आटपाडी, पुढं विचारत विचारत. वाटेत तीनदा गाडी वळवावीशी वाटली. एकदा वळवलीही.

तिकडं आता पाणी आलंय. बापूच्या रानात डाळिंब. मला वाटलं होतं भुई भेगाळलेली असेल, म्हणजे आमच्या गाण्यासारखी. माणसाला दुसऱ्याचं दुःख सुद्धा आपल्या सोयीचं लागतं.

केस पांढरे, पाठ ताठ. उजव्या कानानं कमी ऐकतो. मला ओळखायला त्याला निमिष लागला नाही. "इज्या, वाळलास रं," एवढंच. मग बायकोला हाक मारून म्हणाला, सांगलीचं पाव्हणं आल्यात, भाकरी टाक. तिनं पाणी आणलं, म्हणाली, तुमचं नाव ऐकून होते भावजी. काय ऐकून होती ते विचारायचा धीर झाला नाही.

फौजेत तो बँडमध्येच होता. हवालदार म्हणून निघाला. वीस वर्षं परेडचा ड्रम, डावा-उजवा. कॉलेजात मी त्याला अकरा मोजायला शिकवायला जायचो तेव्हा म्हणायचा, "मोजायची ती मेंढरं. ताल न्हाई मोजायचा." त्या माणसाला वीस वर्षं एक-दो मोजावं लागलं. मी ते बोललो नाही, पण तो हसला, म्हणजे कळलं असावं.

शिरीषचं त्याला माहीत होतं. वर्तमानपत्रात वाचलं म्हणे. त्या दिवशी रानात गेला नाही.

मोबाइल त्याच्या डाव्या कानाला लावून कॅसेट ऐकवली, पळणारी. "एवढं पळतंय कशापायी? म्या पळवलं न्हवतं." मोटारींचं सांगितलं तर पोट धरून हसला. "म्हंजी उसानं आमचा घात केला म्हण की." मग केतकीनं हळू केलेलं लावलं. हसणं थांबलं. मांडीवर बोटं चालू झाली. टेप जिथं तुटते तिथं बोटंही थांबली. पुढं गेली नाहीत. मी वाट बघत होतो.

तेव्हा बोललो. एवढी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य बाहेर येताना चार शब्दांचं झालं. झांज धरली ते चुकलं.

तो डाळिंब सोलत होता. दाणे ताटलीत पडत होते. ताटली भरत आली तेव्हा म्हणाला,

"धरलीस त्याचं न्हाई रं. येळ संपला व्हता, मला बी ठावं हाय. पर तू माझ्याकडं बघितलं न्हाईस. त्या लाल दिव्याकडं बघत माझा ताल धरलास. एकदा बघितलं असतंस तर म्याच ठिवला असता."

ताटली माझ्यापुढं सरकवली. खाल्ले. गोड होते.

एक तारखेचं सांगितलं. "तवा बागंची छाटणी काढलीया. माणसं सांगून ठिवल्यात." मग म्हणाला, बघू. आपल्याकडं बघू म्हणजे कधी हो असतं, कधी माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून असतं. निघताना आतल्या खोलीत डोकावलो. भिंतीला वडलांचा ढोल टांगलेला. त्यावर धूळ नव्हती.

२० जाने.

केतकीला सगळं सांगितलं. तिच्या बाबाचा बँड मी मोडला हे तिला कळायला हवं. वाटलं, ठेवेल फोन. म्हणाली, "बाबा एवढंच म्हणायचे, विजूला फार घाई होती." म्हणजे शि. ला माहीत होतं. त्यानं पाहिलं होतं. मरेपर्यंत मला एका शब्दानं बोलला नाही. दर दिवाळीला गूळ पाठवायचा.

आज दुकान लवकर बंद केलं. शि. पाहिजे होता. फार पाहिजे होता.

२५ जाने., रविवार

तालीम. सुध्यालाही सांगितलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मेव्हण्याबरोबर मलाही आजारी पाडेल. मग म्हणाला, सा दे, सूर लावू.

शि. चा आवाज आणि बासरी केतकी टेपवरूनच सोडणार, खऱ्या वेगात. शेवटासाठी साताऱ्यातला एक चांगला ड्रमर मिळतोय. नको म्हणालो. मग काय करायचं, ती म्हणाली. शेवट आला की आम्ही दोघं वाद्यं खाली ठेवू. बापू असेल तर वाजवेल. नसेल तर तेवढा वेळ गप्प बसू. किती वेळ? माहीत नाही. कोणी मोजायचं नाही.

हॉलवाल्याला दोनदा विचारलं, वेळेचा दिवा वगैरे असतो का. नसतो.

१ फेब्रु., रविवार. सातारा

दुपारचे साडेचार. सहाला कार्यक्रम. स्टेजच्या मागे बसून लिहितोय, दुसरं काही सुचत नाही.

ड्रम लावून झाले. भाड्याचे आहेत, झांज मात्र मी आणलीय. तीच. पुण्याहून तो सोडून गेला, मी घरी नेली आणि कधी कोणाला दिली नाही. काल चिंच लावून घासली. वै. म्हणाली, तांब्याची भांडी कधी घासली नाहीत जन्मात.

सुध्या तीन वेळा फाटकापर्यंत जाऊन आला. विचारलं तर म्हणतो, पान खायला. तो पान खात नाही.

आत्ता बापूच्या घरून फोन. वहिनी. आवाजात काळजी. "भावजी, हे तिकडं आल्यात का? छाटणीची माणसं सकाळधरनं बांधावर बसून हायती. ह्यांनी कातर हातात बी घेतली न्हाई. पहाटंच गेल्यात, कुठं ते सांगितलं न्हाई." मी म्हणालो, नाही, इथं नाही आला. आला की कळवतो. ठेवल्यावर आठवलं, भिंतीवरचा ढोल जागेवर आहे का ते विचारायचंच राहिलं. परत लावला. लागत नाही, त्यांच्याकडं रेंज तशीच.

आटपाडीहून साताऱ्याला एवढा वेळ लागत नाही. त्याला आणखी कुठं जायचं असेल. एक तारखेला बाजार असेल. फौजेतला कोणी वारला असेल. किंवा कुंडलला उतरला असेल, शि. च्या घरापाशी, त्यालाही आज आठवण असेलच की. कुंडलहून इकडं गाड्या आहेत.

केतकी येऊन म्हणाली, काका, तुमची खुर्ची अशी काय लावलीय, लोकांकडं पाठ होईल. होऊ दे म्हणालो. तिनं सरळ करायला हात लावला, मी लावू दिला नाही.

खुर्ची ड्रमच्या स्टुलासमोर आहे. रिकामं असो नाहीतर भरलेलं, आज मी तिकडंच बघणार आहे.