शेवऱ्याची जीभ

भूलशास्त्र विभाग, नांदेड
४ नोव्हेंबर २०२५

ती. संघपालमामांस,
सविनय जयभीम.

१. फेब्रुवारीतल्या जनावरांच्या प्रदर्शनात ढोलाच्या आवाजाने तुमचा शेवऱ्या बैल बिथरला. त्याचा कासरा तुम्ही उजव्या मनगटाला गुंडाळला होता, तो आत रुतला.
२. जखम भरली. दुखणं राहिलं. सदऱ्याची बाही लागली तरी हात भाजतो.
३. शनिवारी आमच्या सरांनी काखेत सुई देऊन हात तात्पुरता बधिर केला. दुखणं मनगटातल्या दुखावलेल्या नसेतूनच येतं का, हे तपासायला.
४. सुईचा असर रात्रीपर्यंत जाईल, असं मी दोनदा सांगितलं. तुम्ही मान डोलावली.
५. देवणीत उतरून तुम्ही बरे झाल्याचे पेढे वाटले.

एक पुडा कंडक्टरबरोबर माझ्याकडेही आला. पेढा चांगला होता, निदान चुकीचं होतं. व्रणात अडकलेली नस मोकळी करायला सर्जन २४ तारखेला तयार आहेत. मामी सांगतात, तुम्ही नाही म्हणताय. कारण लिहून कळवा. फोनवर तुम्ही बैलाचंच सांगता.

लोभ आहेच. तो पेढ्यांनी वाढवू नये.
ज्योत्स्ना


देवणी, जि. लातूर
९ नोव्हेंबर

चि. ज्योत्स्ना डॉक्टरीणबाईस,
मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

डाव्या हातानं लिवतोय. अक्षराला हसू नको, पहिलीत तुझंही असंच होतं. पेढे वाटले ते खरं. नऊ महिन्यांनी हात गप झाला, मग माणसानं काय करावं? रात्री परत आग सुरू. आता गावात कुठल्या तोंडानं सांगू? ज्ञानोबा रोज पारावर हात दाबून विचारतो, कसा हाय म्हणून. मी झकास म्हणतो आन् आतल्या आत बोंबलतो. दुकानदारानं नमुना दाखवून माल आत ठेवावा, तसलं तुमचं काम!

पण नको म्हणायचं कारण येगळं हाय. त्या दिवशी घरी आल्याबरोबर शेवऱ्यापुढं हात धरला. त्यानं कोपरापर्यंत चाटला. दुखलं न्हाई. पण चाटलेलं बी कळलं न्हाई. दुसऱ्याचाच हात चाटतोय जसं, नुसता बघत राहिलो. दुखण्याबरोबर तेवढं बी जाणार असंल तर राहू द्या. आन् तू फोनवर म्हणतीस मेंदूत बिघाड झालाय. झोपवून उठवल्यावर मला बैलच वळखू आला न्हाई तर?

दुखणं विचारशील तर दहात चार.

माया पातळ करू नको.
तुझा पेढेवाला मामा

ता. क. चार म्हणतेत ते खोटं हाय पोरी. गोधडी लागू नये म्हणून हात भाईर ठेवून निजतेत. शेवऱ्यानं जीभ काढली की मागं सरतेत. त्यो बी हंबरून राहिलाय. – गुणामामी


नांदेड
१३ नोव्हेंबर

ती. मामांस,
सविनय जयभीम. मामींना वेगळा जयभीम. त्यांच्यामुळे तुमचे चार मी नऊ धरले आहेत.

सुई सगळंच बंद करते, आगही आणि जीभही. ऑपरेशनात नस कापायची नाही, मोकळी करायची आहे. स्पर्श नीट परत यावा हाच हेतू आहे. हमी मी देत नाही.

आता मेंदू. दुखावलेली नस नऊ महिने एकच बातमी वर पाठवते आहे. त्यामुळे मज्जारज्जूत आणि मेंदूत आवाज वाढवणाऱ्या रसायनाचा, ग्लुटामेटचा, जोर वाढतो. आवर घालणाऱ्या, गाबा नावाच्या रसायनाचा कमी पडतो. मग बाहीसुद्धा आग वाटते. प्रदर्शनानंतर ताट पडलं तरी शेवऱ्या बिथरतो ना? बैल तोच आहे, धास्ती शिकला आहे. तुमचा मेंदूही तोच आहे.

भुलीचं औषध ओळखी पुसत नाही. ते काही वेळ गाबाची बाजू घेतं आणि उतरतं. पण नुसतं झोपवलं, तर तुम्ही झोपता आणि नस बोलत राहते. म्हणून हातही आधी बधिर करणार, शिवाय ग्लुटामेटला अडवणारं औषध थोडं देणार. बिथरलेल्या बैलाला ओढू नये, आधी ढोल थांबवावा, हे मला तुम्हीच शिकवलंत. उशीर केला तर धास्ती मुरत जाते.

भूल सर देतील. मी उशाशी बसेन. नात्यातल्या माणसाला मी भूल देत नाही. माझा हात स्थिर राहील याची मला खात्री नाही. ही ओळ ज्ञानोबाकाकांना वाचून दाखवू नका.

नंतर आकडा विचारणार नाही. शेवऱ्याची जीभ खरखरीत लागली का, एवढंच विचारेन. पेढे तेव्हा वाटा.

बुधवार, १९ तारखेपर्यंत, येताय की नाही ते कळवा.

तुमची
ज्योत्स्ना