मागचा उजवा दिवा

४ फेब्रुवारी, बुधवार

सिग्नल दिला होता. दिला होता. दिला होता! अंगठ्याने बटण उजवीकडे सरकवलं, मीटरवरचा हिरवा बाण उघडझाप करताना या डोळ्यांनी पाहिला, ब्रेक दाबला, वळले. तेवढ्यात मागून पावाची गाडी.

गुडघा सुजलाय, कोपर सोलवटलंय. ते भरून येईल. पण डबा फुटला. सकाळपासून घरोघर फिरून अकरा जणांचं रक्त काढलं होतं, सगळ्या नळ्या रस्त्यावर. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांची शीर सापडता सापडत नाही. आता पुन्हा टोचायचं त्यांना.

पावाच्या गाडीचा ड्रायव्हर पन्नाशीचा. उतरल्या उतरल्या काय म्हणावं? "बाई, सिग्नल कुठे दिलात?" लागलं का, हे नाही! आणि जमलेले सगळे माना डोलावतायत – जसे काही माझ्या मागच्या दिव्याकडेच टक लावून उभे होते.

५ फेब्रुवारी

दादा आला. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. मला मोटरसायकल त्यानेच शिकवली. वाटलं, निदान हा तरी.

"विसरली असशील गं. होतं असं कधीकधी."

नाही विसरले म्हटलं. मग आईकडे वळून, "हिला म्हणावं, आता बास कर ही मोटरसायकल." मी समोर बसलेली असताना – हिला म्हणावं!

एकोणीस वर्षं चालवतेय. गल्लीत चिटपाखरू नसलं तरी सिग्नल देऊन वळते. दादालाच हसू यायचं त्याचं. आज मात्र सोयीस्कर विसरला.

६ फेब्रुवारी

लंगडत बेकरीत जाऊन आले. मालक म्हणाले, "आमचा ड्रायव्हर सांगतो, दिवा लागलाच नव्हता." मी म्हटलं, तुमचा ड्रायव्हर खोटं बोलतो. तसं कागदावर लिहून दिलं. सही अशी ठसठशीत केली की खालच्या पानावर उमटली.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, गाडीचं काय ते नक्की होईपर्यंत आत बस, नळ्यांना लेबलं लाव. माझी घरं दुसऱ्या मुलीला दिली. तात्पुरती म्हणे.

७ फेब्रुवारी

मेकॅनिककडे. त्याने सिग्नल चालू केला – पुढचे-मागचे सगळे दिवे व्यवस्थित. तरी फ्लॅशर बदलला. फ्लॅशर म्हणजे ती टिकटिक करणारी डबी.

"आधीही दिवे लागतच होते ना?"

"लागत होते."

"मग बदललात कशासाठी?"

हसला. "ताई, गाडीत काही दोष नाही." त्यापुढचं तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं. दोष चालवणारीत!

जुनी डबी मागून घेतली. का, कोण जाणे. चिडून.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाच्या स्कूलमधून दुरुस्तीचं जुनं पुस्तक आणलं. न विचारता. अंगणात गाडी स्टँडवर लावली आणि बसले. फ्यूज – चांगला. चारही बल्ब काढून, पुसून पुन्हा बसवले. बटणाचं खोकं उघडलं, आतली घाण साफ केली. हँडल इकडून तिकडे वळवून पाहिलं, कुठे वायर तुटतेय का. नाही. जुनी डबीसुद्धा परत लावली – तीही सुरेख टिकटिकते!

स्टँडवर कशी साळसूद. गोगलगाय नि पोटात पाय.

आई म्हणाली, हात धू आणि जेव आता. जेवले. हात काही धुतले नाहीत नीट.

९ फेब्रुवारी

शून्य. पण सोडणार नाही.

१० फेब्रुवारी

बेकरीतून फोन. ड्रायव्हरला कामावरून काढलं. बरं झालं.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचाही आला. "ती नवी मुलगी गुणी आहे गं, पण पाच ठिकाणी टोचलं. हात काळानिळा झालाय. तू कधी येणार?" काय सांगणार? येते म्हटलं.

११ फेब्रुवारी

सापडलं! सगळं लिहिते, एकही गोष्ट सुटता कामा नये.

लॅबमध्ये लेबलं लावता लावता आठवलं – त्या दिवशी वळताना टिकटिक घाईची झाली होती. एरवी टिक, टिक. त्या वेळी टिकटिकटिकटिक. पुस्तकात लिहिलंय, टिकटिक घाईची झाली तर समजावं, एक दिवा लागत नाहीये. म्हणजे नेमका त्याच वेळी एक दिवा गेला होता! त्या वेळी मी असं काय केलं, जे स्टँडवर करत नाही?

ब्रेक! वळण्याआधी ब्रेक दाबतोच की आपण. स्टँडवर उभ्या गाडीचा ब्रेक कोण दाबतंय?

धावत घरी. गुडघ्याला म्हटलं, ओरड तुला काय ओरडायचं ते. आईला खुर्ची देऊन गाडीच्या मागे बसवलं. उजवा सिग्नल लावला.

"लागतोय... जातोय... लागतोय," आई म्हणत राहिली, रेडिओवरच्या बाईसारखी.

ब्रेक दाबला.

"अगंबाई! लाल लागला आणि पिवळा मेला!"

सोडला. "जिवंत झाला."

दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच. आणि पुढून पाहावं तर हिरवा बाण आपला मजेत चालूच! आई म्हणाली, "तुझ्या वडिलांसारखाच आहे हा. एका वेळी एकच काम." इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसलो दोघी.

मागचा मडगार्ड उघडला. ब्रेकचा दिवा आणि उजवा इंडिकेटर, दोघांची अर्थिंगची वायर एकाच बोल्टवर. विजेला परत जायची तेवढीच वाट, आणि बोल्ट गंजून भुगा. ब्रेकचा मोठा दिवा लागला की ती वाट तोच अडवतो. धाकट्याला काही उरत नाही. पॉलिश पेपरने घासलं, नवा बोल्ट आवळला. आईला पुन्हा बसवलं. लाल आणि पिवळा, दोन्ही!

मी सिग्नल दिला होता. दिला होता!

नंतर –

भांडी घासताना हात थांबला. मी दिला होता. पण मागे तो लागलाच नव्हता. तो माणूस खोटं बोलत नव्हता. आणि मी काय लिहून दिलं? केवढी ठसठशीत सही!

१२ फेब्रुवारी

दादाला बोलावून आईच्या खुर्चीवर बसवलं. ब्रेक दाबून दाखवला, तेवढ्यासाठी गंजका बोल्ट पुन्हा लावून. मग म्हणाला, "चुकलं माझं." दादाच्या तोंडून हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, उद्या बेकरीत जाऊन सांगते. तर लगेच मूळ पदावर. "कशाला? सगळं तुझ्या बाजूने झालंय. आता गप्प बस."

गप्प बस! गप्पच बसायचं असतं तर अंगणात बसून बोटं काळी कशाला केली असती?

१३ फेब्रुवारी

गेले. मोटरसायकलवरून गेले. मालकांना दिव्याचं सगळं सांगितलं आणि नवा कागद लिहून दिला – मी सिग्नल दिला होता, तो मागून दिसत नव्हता, ड्रायव्हरला मी खोटारडा म्हटलं ते मागे घेते.

"म्हणजे चूक तुमची?"

"चूक गंजाची. पण गाडी माझी, म्हणून गंजही माझाच."

"बाई, असं लिहून कुणी देत नाही."

"मी देते. त्यांना परत घ्या."

बाहेर पडले. मान ताठ.

१६ फेब्रुवारी

मॅडमनी माझी घरं परत दिली. आजींची शीर दुसऱ्या सुईला सापडली. "आलीस होय," एवढंच म्हणाल्या आणि दुसरा हातही पुढे केला – हवा तर यातूनही घे!

१८ फेब्रुवारी

ड्रायव्हरला पुन्हा गाडी मिळाली. मालकांनी मुद्दाम कळवलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी तो ड्रायव्हर घरी आला. पाण्याला हात लावला नाही. म्हणाला, "ताई, तुमचा दिवा लागला होता की नव्हता, मला माहीतच नाही. मी बघतच नव्हतो. फोन पायाशी पडला होता, तो उचलायला वाकलो होतो. घाबरून तोंडाला येईल ते बोललो. तुमचा कागद मालकांनी वाचून दाखवला, तेव्हापासून झोप नाही. काय करू, सांगा."

मी म्हटलं, "मला विचारू नका. माझं मी लिहून दिलं. तुमचं तुम्ही लिहा."

त्याने खिसे चाचपले. मग पेन मागितलं.

दिलं.