पुन्हा पाठवायचं का?

राजारामपुरी, कोल्हापूर
१९ ऑगस्ट

ती. अण्णास,
विद्याश्रीचा शरणार्थ.

तिकडे बेंगळूरला तू बरा असशील, आणि दुपारचा डबा दुपारीच खात असशील, असं धरून चालते. इकडे सगळे सुखरूप आहेत. पुराचं पाणी आपल्या खालच्या पायरीला लागून परत फिरलं. भिंतींना अजून ओल आहे आणि अव्वाचा गुडघा कुरकुरतोय, पण ती काही चुलीपुढून उठायला तयार नाही. म्हशी घरी आल्या. धाकटी अजून वैरणीला नीट तोंड लावत नाही, पण दूध देते.

पत्र बघून तू चक्रावशील. फोनवर तू नेहमी घाईत असतोस, आणि घरच्या ग्रुपवर अप्पा आहेत. जे सांगायचंय ते मधे न थांबता सांगता यावं म्हणून लिहितेय.

पाणी चढायला लागलं तेव्हा मी कोल्हापुरातच होते. ऑफिसने घरून काम करा म्हटल्यावर रस्ता बंद व्हायच्या आत गावाकडची एसटी धरली. तोवर अप्पांनी म्हशी छावणीत नेल्या होत्या. या वेळची छावणी जयसिंगपूरच्या अलीकडे माळावर, एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात होती. मोठाल्या शेड, वर पत्रे शाबूत, पाण्याची टाकी जवळ. प्रमुख म्हणून आपले गणपतराव. आणि नोंदीला तू केलेलं मोबाइलवरचं पान.

होय, तेच. मागच्या मोठ्या पुरात कुणाची म्हस कुठल्या दावणीला बांधलीय हे कुणालाच सापडत नव्हतं, तेव्हा समाजमंदिरात बसून तू केलेलं. मालकाचं नाव, गाव, कुठली छावणी, जनावरं किती, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आणि वर छावणीत जागा किती उरली तो आकडा. गावाने ते जपून ठेवलं होतं. पाणी वाढतंय म्हटल्यावर पोरांनी पहिल्यांदा तेच सुरू केलं. खाली बारीक अक्षरात तुझं नाव अजून तसंच आहे. ते बघून माझा ऊर भरून आला, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अप्पांचा डबा घेऊन गेले तर फाटकावरून ट्रॉल्या परत पाठवत होते. पानावर ठळक अक्षरात आलं होतं, छावणी भरली. डबा देऊन मी सहज आत चक्कर मारली, तर मागची अख्खी शेड मोकळी. पुढच्या शेडमध्येही दावणीला मधे मधे जागा. गणपतरावांना विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे धरला. त्यात भरलीय म्हणजे भरलीय. कुणाची तरी जनावरं वाटेत असतील, त्यांच्यासाठी ती शेड ठेवलीय, असं त्यांना वाटत होतं.

फाटकावर नोंदीला गणपतरावांची पुतणी स्नेहल होती. कॉलेजात शिकते, हात चलाख. मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले आणि नुसती बघत राहिले. ती फॉर्म भरायची, ‘नोंद करा’ दाबायची. रेंज नसल्यामुळे चक्र फिरत राहायचं, मग ‘नोंद झाली’ असं यायचं. तेवढ्यात कुणाचा तरी फोन. फोन संपवून ती पानावर परत यायची आणि ताजा आकडा बघायला अंगठ्याने पान खाली ओढायची. मोबाइल इंग्रजीत विचारायचा, फॉर्म पुन्हा पाठवायचा का? ती होय म्हणायची.

मी विचारलं, “होय का म्हणतीस?”

“होय म्हटल्याबिगर पान उघडतंच न्हाई की, ताई.”

तिचं बरोबर होतं, अण्णा. तिला दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. आणि प्रत्येक होयबरोबर त्याच माणसाच्या त्याच म्हशी पुन्हा एकदा छावणीत येऊन उभ्या राहत होत्या. फाटकावर असे पाच मोबाइल चालू होते. ती मागची शेड नसलेल्या म्हशींनी भरली होती.

तू मला एकदा म्हणाला होतास, कोल्हापुरात राहिलीस तर वेबसाइटच्या बटणांचे रंग बदलत बसशील. रंगही बदलले मी. पण गेलं वर्ष मी जवळजवळ एकाच प्रश्नावर काढलंय. माणूस पान रिफ्रेश करतो तेव्हा काय टिकलं पाहिजे आणि काय पुन्हा घडता कामा नये? आमच्या ऑफिसात यावरून रोज वाद होतात. पानं बांधायच्या नव्या पद्धतीच्या फ्रेमवर्कमध्ये सगळं पान ब्राउझरच उभं करतो. तिथे रिफ्रेश केलं की भरलेलं पुसून जातं आणि माणूस बिचारा पहिल्यापासून सुरू करतो. जुन्या पद्धतीत उलटं. तिथे पुसत काही नाही, शेवटची कृतीच पुन्हा घडते. म्हणून त्या फ्रेमवर्कने सोय करून ठेवलेली असते. नोंद झाली की सर्व्हरने तिथल्या तिथे पान दाखवायचं नाही. ब्राउझरला सांगायचं, आता या दुसऱ्या पत्त्यावर जा. मग माणूस त्या पत्त्यावर उभा असतो. त्याने कितीही वेळा रिफ्रेश केलं तरी यादीच नव्याने मागितली जाते, नोंद पुन्हा होत नाही.

हे तुला मी सांगावं असं नाही. तू हे रोज करत असशील. पण त्या पानात ते नव्हतं. हे वाक्य मी दोनदा खोडलं, आता राहू दे.

मी तुला तेव्हाच फोन केला होता. तू उचलला नाहीस आणि मी थांबले नाही. तू दिलेल्या पासवर्डने आत गेले आणि सूतगिरणीच्या जुन्या वजनकाट्याच्या खोलीत बसून बदल केले. नोंदीनंतर दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं. शिवाय प्रत्येक कोऱ्या फॉर्मला एक वेगळी खूण दिली. रेंज गेली आणि तोच फॉर्म दोनदा आला, तरी सर्व्हर खूण ओळखून दुसरा बाजूला ठेवतो. अर्धवट भरलेला फॉर्म मोबाइलमध्येच राहील असंही केलं. स्नेहलने तीनचारदा पान ओढून बघितलं. आकडा हलला नाही. तिने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

पण आधीच्या दुहेरी नोंदी पुसायच्या कशा? नाव सारखं म्हणून पुसावं तर एकाच गावात एका नावाची दोन माणसं. काही नोंदींत बिल्ल्याचा नंबर घाईत भरलेलाच नाही. तेव्हा अप्पा म्हणाले, चल, दावणीनं फिरू. ते पुढे, मी मोबाइल घेऊन मागे. ते म्हशीच्या मानेवर हात ठेवायचे, कान धरून नंबर वाचायचे, मी खूण करायची. चष्मा घरी राहिला होता तरी थांबले नाहीत. मधेच त्यांनी विचारलं, हे असं झालंच कसं. मी पत्ता, पान, पुन्हा पाठवणं सगळं सांगितलं. त्यांनी ती दावण वाचून संपवली. मग म्हणाले, “म्हंजे पोरीनं बघायला म्हणून हात लावला, आन त्येनं मोजून टाकलं.” अण्णा, मी आमच्या नव्या पोरांना हे समजावताना अर्धा तास घेते.

दिवस मावळायच्या आत आकडा खरा झाला. मागची शेड उघडली. परत पाठवलेल्यांना पोरांनी फोन लावले आणि एकेक ट्रॉली माळ चढून वर आली. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. माझ्या हातून एवढं उपयोगी काम याआधी झालेलं नाही आणि हे सांगायला मी लाजणारही नाही.

संध्याकाळी तुझा मेसेज आला, काय झालं? मी उत्तर दिलं, किरकोळ होतं, झालं.

किरकोळ नव्हतं. परत पाठवलेल्यांत सयाजीकाका होते. आपल्या मळ्याच्या पलीकडचे, तुला खांद्यावर घेऊन कुस्त्या दाखवायला न्यायचे ते. गावाकडे पाणी, छावणी भरलेली, म्हणून ते सकाळपासून हायवेच्या कडेला ट्रॉली लावून पावसात उभे होते. त्यांचं एक रेडकू नुकतंच जन्मलेलं. ते तिथेच गेलं. काका वर आले तेव्हा म्हशी उतरवल्या आणि रेडकू पोत्यात गुंडाळून तसंच ट्रॉलीत होतं.

तुला हे कुणीतरी सांगणारच. वाकडं करून सांगण्याआधी सरळ कळावं, म्हणून हे पत्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत बैठक झाली. गणपतराव थकलेले होते, चार दिवसांत धड जेवलेले नव्हते, म्हणून मी त्यांच्यावर राग धरत नाही. ते म्हणाले, बेंगळूरच्या साहेबांनी अर्धं काम करून गावाच्या गळ्यात मारलं आणि त्यापायी एक जीव गेला. काही जणांनी माना हलवल्या. मी उठणार होते. काय बोलणार होते ते आता आठवत नाही, बहुतेक तुझी बाजू घेताना सर्व्हर नि ब्राउझर असलंच काहीतरी बडबडले असते.

अप्पा माझ्याआधी उठले.

मला त्या क्षणी या पानासाठी गावाने केलेल्या तुझ्या सत्काराचा दिवस आठवला. तुलाही हे वाचताना तोच आठवत असेल. सगळ्या गावासमोर ते म्हणाले होते, पडद्यावरच्या म्हशीची धार कोण काढत न्हाय. लोक हसले होते. तू नारळ नि शाल तिथेच खुर्चीवर ठेवून निघालास आणि त्यानंतर या घराची पायरी चढला नाहीस. आता ते तसलंच काहीतरी बोलतात की काय, असं मला वाटलं.

ते टोपी काढून हातात घेऊन उभे राहिले. आधी सयाजीकाकांकडे वळले.

“सयाजी, चूक झाली ती माझ्या पोराच्या पानात झाली. त्येचं पाप मी नाकारत न्हाय. पण ते पान नसतं तर मागल्या पुरात निम्म्या गावाला आपलं जनावर घावलं नसतं, हे बी मी नाकारू देणार न्हाय. केलं ते माझ्या पोरानं, नीट केलं ते माझ्या पोरीनं. दोन्ही माझंच हाय. कुणाला बोलायचं असंल तर मला बोला.”

सयाजीकाका जागेवरून उठले. मग म्हणाले, “मागल्या पुरात माझ्या म्हशी कुरुंदवाडच्या छावणीत गेलत्या. मी दुसऱ्याच छावणीत धुंडत हुतो. तुझ्या चन्नवीरच्या पानावर गावल्या. त्या पोराला काय बोलू नगा.”

गणपतरावांनी अप्पांना हाताला धरून खाली बसवलं. मग चहा आला आणि वैरणीचं बोलणं सुरू झालं. मी उठून टाकीपाशी गेले आणि तोंड धुऊन आले.

रेडकू अप्पा आणि काकांनी मिळून माळाच्या कडेला पुरलं. मी गेले नाही, त्यांनी मला येऊ दिलं नाही.

आता तुझ्या कामाचं. केलेले सगळे बदल मी तुझ्याच जागेत ठेवलेत, तू सवडीने बघ. घाईत लिहिलंय, नावं ओबडधोबड दिलीत. आणि खुणा किती दिवस जपायच्या ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. तुला चुका सापडतील. सापडल्या तर मला बोल, मनात ठेवू नकोस. बेंगळूरच्या त्या मुलाखतीला मी का गेले नाही हे तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा विषय बदलला. मी इथेच राहणार आहे, अण्णा. भिऊन नाही आणि अप्पांसाठी तर मुळीच नाही. मला इथलं काम जमतंय आणि ते आवडतंय.

अप्पांनी माझ्याकडून ते पान आपल्या मोबाइलवर घेतलंय. छावणी उठली, म्हशी घरी आल्या, तरी रोज दूध घालून आले की ओट्यावर बसून पान खाली ओढतात. “कितीबी वडलं तरी एकच ऱ्हातंय,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. परवा खालची बारीक अक्षरं वाचायला जमेनात म्हणून मला वाचायला लावली. मी वाचलं, निर्मिती चन्नवीर. ते म्हणाले, एवढं बारीक का? मोठं कर. माझं नावही घालू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, घाल की, त्याच्या खाली घाल, तो थोरला हाय.

तसं केलंय. उघडून बघ.

अव्वा म्हणते, थंडी सुरू झाली की बेंगळूरला पाठवायला शेंगांची चटणी करते. मी तिला म्हटलं, पाठवायचं नको, इथे ठेव. तिने डबा मोठा काढला.

घरच्या सगळ्यांकडून तुला खूप खूप प्रेम. अप्पांचे आशीर्वाद. हे मी रिवाज म्हणून लिहिलेलं नाही, आज सकाळी मी कोल्हापूरला निघताना त्यांनी हाक मारून, मुद्दाम लिही म्हणून सांगितलंय.

तुझ्या नावाखाली नाव असलेली,
विद्या