पहिला गिअर, गाडी थांबल्यावर

३ मार्च, मंगळवार

गिअरबॉक्स उतरवला! बाबा गेल्यापासून त्यांची गाडी सहा वर्षं चादरीखाली होती, तरी बोल्ट निघाले भराभर. एकच अडला. त्याला तेल पाजलं, शिव्या दिल्या, चहा पिऊन आले — मग निघाला.

दुपारी धाकटा येऊन उभा. हातात बिस्किटं, तोंडात तेच पालुपद. "ताई, माझ्याकडचा पाच गिअरचा नुसता पडून आहे. बसवून टाक ना!" त्याच्याकडे हीच गाडी आहे, फक्त अकरा वर्षं नंतरची. तेवढ्यावर साहेब स्वतःला आधुनिक समजतात. भंगारवाल्याकडे तसलाच आणखी एक गिअरबॉक्स दिसला, तो उचलून आणलाय. मी म्हटलं, तुझा तुला लखलाभ.

अडचण अशी की नवा लांबीला जास्त. तो बसवायचा तर खालचा पत्रा चार बोटं कापावा लागणार. एकदा कापला की कापला. मग ती बाबांची गाडी कसली? दुसऱ्या कोणाची गाडी असती तर मी इतका विचार केला नसता. पण ही त्यांची एवढी एकच गोष्ट राहिली आहे, आणि ती माझ्या हातात आहे.

आईला विचारलं. "तू म्हणशील तसं," म्हणाली. आई नेहमी असंच म्हणते.

४ मार्च, बुधवार

ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा धाकट्याची बाजूही खरीखरी लिहिते. आज त्याची गाडी तासभर चालवली.

आपला जुना — चार गिअर. वरच्या तिघांना सिंक्रोची पितळी कडी आहे. ती आधी आतल्या दोन्ही दातेरी चाकांचा वेग जुळवते, मग दातात दात बसतात. पहिल्याला कडी नाही. म्हणजे गाडी पुरती उभी राहिल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. टाकलात तर खर्रर्र! चालत्या गाडीत हवाच असेल तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला हलकेच डिवचा, पुन्हा क्लच दाबा आणि मग देवाचं नाव घेऊन टाका. क्लचही असा जड की संध्याकाळी पायऱ्या चढवत नाहीत.

नवा — पाचही गिअरांना कडी. दोन बोटांनी पडतो. क्लच इतका हलका की मला आधी वाटलं, वायरच तुटली. मोठ्या रस्त्याला पाचवा टाकला की इंजिन गप्प होतं, शेजारच्याशी नीट बोलता येतं. आमचं लहानपण चौथ्या गिअरमध्ये एकमेकांवर ओरडण्यात गेलं.

पण! नवा चालवताना मला काही कामच उरत नाही. जुना तुमच्याकडून काहीतरी मागतो. त्याचं ऐकावं लागतं, थांबावं लागतं. चुकलात तर अख्ख्या रस्त्याला सांगतो. आणि बरोबर पडला की जो आनंद होतो, तो नव्यात नाही म्हणजे नाही.

हे धाकट्याला सांगितलं तर म्हणतो, "ताई, तुला गाडी नकोय, सासू हवीय." मेला! हसूनहसून पोट दुखलं.

५ मार्च, गुरुवार

आज काम कमी, आठवणी जास्त.

मागच्या त्या दोन नावापुरत्या सीटवर मी आणि धाकटा. मी सहा वर्षांची, तो चार. सिग्नल लाल झाला की बाबा खणखणीत आवाजात विचारायचे, "पहिला गिअर कधी?" आम्ही दोघं मागून किंचाळायचो, "गाडी थांबल्यावर!" प्रत्येक सिग्नलला. आई त्यांच्या शेजारी, खिडकीबाहेर बघत, तोंडातून अवाक्षर नाही. कंटाळत असेल बिचारी! आई कधी गाडीच्या वाटेला गेली नाही.

पण मी त्या एका वाक्यावर गिअरबॉक्सची मेकॅनिक झाले. सव्वीस वर्षं झाली. बाबांच्या हातून पहिला कधी वाजला नाही. एकदाही नाही. मी मागे बसून ऐकलंय.

आणि लाड किती त्या गाडीचे! बाबांची छापखान्यात पहाटेची पाळी. घरी यायचे ते बसने. शाळेत जाताना मी बॉनेटला हात लावायचे, तर ते कोमट. आई सांगायची, बाबा निघण्याआधी इंजिन जरा चालवून ठेवतात. मला त्या बॉनेटचा हेवा वाटायचा.

७ मार्च, शनिवार

पाठ धरली आहे. बाकी सगळं झकास.

८ मार्च, रविवार

आईला धाकट्याच्या गाडीतून फिरवून आणलं. ती पुढे, मी मागे घडी घालून. या वयात त्या सीटवर बसणं म्हणजे शिक्षाच. आईचा डावा पाय सारखा हलत होता. तोच गुडघा तिचा दुखतो, अवघडला असणार.

मध्येच तिने धाकट्याला विचारलं, "यात पहिला चालत्या गाडीत पडतो?"

"पडतो की!"

"आवाज न करता?"

"बघच तू." आणि पठ्ठ्याने हळू चालत्या गाडीत टाकून दाखवला. हूं की चूं नाही.

आई नंतर घरापर्यंत गिअरच्या दांड्याकडेच बघत होती. बाबांची आठवण आली असेल. मी धाकट्याला खाली उतरल्यावर झापलं — काय गरज होती?

१० मार्च, मंगळवार

आज जुना उघडला. उघडला नसता तर बरं झालं असतं.

पहिल्या गिअरचे दात पुढच्या बाजूने उडालेले. एक-दोन नाही, मोजले तर अकरा. हे अपघाताने होत नाही. थांबायच्या आत पहिला टाकायचा, पुन्हा पुन्हा, कित्येक महिने — तेव्हा असं होतं. शिकाऊ माणसाचा हात. मी असे दात गिऱ्हाइकांना दाखवून व्याख्यान देते!

त्यावर कहर म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरलेलं, बाबांच्या अक्षरात: 'पहिला बदलला', आणि तारीख. खाली पुन्हा 'पहिला बदलला'. खाली पुन्हा. पाच वर्षांत तीनदा! आणि हा चौथाही गेलेला.

म्हणजे आमच्यासमोर एक आणि एकटे असताना दुसरं? मला रडू आलं. पन्नाशी उलटलेली बाई, हातात गिअर घेऊन पिंपावर बसून रडतेय. कोणी पाहिलं नाही हे नशीब.

११ मार्च, बुधवार

धाकट्याला फोन केला. म्हणाला, "अगं, बाबाही माणूसच होते." मी फोन आपटला. पाच मिनिटांनी पुन्हा केला आणि माफी मागितली. त्याची काय चूक?

१३ मार्च, शुक्रवार

तो गिअर फडक्यात गुंडाळून आईकडे घेऊन गेले. का नेला, मलाच माहीत नाही. तिच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बघ तुझ्या नवऱ्याचे प्रताप."

आईने चष्मा लावला. गिअर हातात घेतला, उडालेल्या दातांवरून अंगठा फिरवला — एकेक करत, सावकाश. मग म्हणाली,

"हे माझे."

मी खुर्ची ओढून बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नानंतर काही वर्षांनी बाबांनी तिला गाडी शिकवली. पहिल्याच आठवड्यात भर चौकात खर्रर्र झालं, सगळा रस्ता वळून हसला. तिने तिथेच ठरवलं, लोकांसमोर पुन्हा नाही. म्हणून पहाटे. रस्ते रिकामे असताना ती बाबांना छापखान्यात सोडायची आणि एकटीने गाडी घरी आणायची. आम्ही उठायच्या आत. पाच वर्षं! म्हणून बॉनेट कोमट. म्हणून बाबा घरी बसने.

"थांबेपर्यंत धीर निघायचा नाही गं मला. सिग्नल हिरवा होईल नि मागचा हॉर्न मारेल, असं वाटायचं. तुझे बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. गुपचूप बदलून टाकायचे."

"एका शब्दाने नाही?"

आई हसली. "घरात नाही. सिग्नलला बोलायचे ना. तुम्हा पोरांना विचारायच्या निमित्ताने."

घरी आल्यापासून हेच डोक्यात. तो धडा आमच्यासाठी नव्हताच. सगळा शेजारच्या सीटसाठी होता, आणि आम्ही मागून बोंबलून तो तिच्या कानात भरत होतो! मी ज्या वाक्यावर मेकॅनिक झाले, ते वाक्य म्हणजे नवऱ्याने बायकोला केलेली विनवणी होती. किती बरं वाटतंय मला, सांगता येत नाही.

१४ मार्च, शनिवार

ठरलं. आता तर जुनाच राहणार. तुटक्या दातांचा गिअर तसाच काचेत ठेवीन, कारखान्यातून नवीन बनवून घेईन, पत्र्याला हात लावणार नाही. आईला फोन करून मोठ्या उत्साहाने सांगितलं.

ती म्हणाली, "तू म्हणशील तसं, असं मी आजवर म्हणत आले. आज नाही म्हणत. धाकट्याचा बसव."

"अगं, पण बाबांची आठवण —"

"आठवण फळीवर ठेव. मला गाडी चालवायचीय. त्या जुन्या क्लचला हा गुडघा पुरायचा नाही."

लायसन्स? चादरींच्या घडीखाली आहे. मुदत संपायच्या आत दर वेळी जाऊन वाढवून आणते म्हणे. डोळ्यांची तपासणीसुद्धा झालेली!

१६ मार्च, सोमवार

पत्रा कापला. चार बोटं. कड घासून गुळगुळीत केली.

२९ मार्च, रविवार

भल्या पहाटे बाबांच्या गाडीतून निघालो, आई चालवायला. मला आणि धाकट्याला आईने मागे बसवलं, शेजारची सीट कोणाला दिली नाही. चौकात सिग्नल लाल. मी आणि धाकट्याने एकमेकांकडे पाहिलं, पण तोंड उघडायच्या आत, गाडी अजून चालत असताना, आईने पहिला टाकला. कसलाही आवाज झाला नाही. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाली, "ऐकलंत?"